लाल गावं काळी झाली

शहर वाढत होतं, खेडी वाळत होती. शहरातल्या टँकरच्या कचेरीत कारकून असलेली सुकेशनी गावांची यादी एचटीएमएलचं वेबपान करून तालुक्याला पाठवायची. टँकर हवा असलेल्या गावाचं नाव लाल, बाकीची काळी.

"पान उघडेस्तोवर जीव जातो! आतला तो स्क्रिप्टचा जड कोड काढून टाक," साहेब करवादले. पानात काय ठेवायचं त्या यादीत तिनं घाईघाईत स्क्रिप्टसोबत स्टाइलवरचीही, म्हणजे रंगरूपावरचीही, टिक काढली. पान झटक्यात उघडलं. साहेब खूश! पण मेला तो लाल रंग स्टाइलमध्येच होता. सगळी गावं काळी झाली, आणि तालुक्यानं टँकर थांबवले.

खुलताबादेकडच्या गावातून आईचा फोन आला. "टँकर आला नाय गं. हापिसात माही पोरगी हाय, म्हणून मी कुणाशी भांडले नाय."