पोलादवाले हवालदार

हवालदार कुठलीही वस्तू आधी हातावर जोखत आणि मगच तिच्याविषयी बोलत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप त्यांनी तळहातावर दोनदा वरखाली केला आणि मगच तोंडाला लावला. पुढे मला मुलगी झाली, तिलाही तसंच जोखलं. "दाणा भरलाय," असा निकाल दिला. माझ्या सासूबाई फोनवर वजन विचारत होत्या. मी त्यांना आकडा सांगितला, पण त्यांचं समाधान झालं ते हवालदारांचं मत ऐकून.

साताऱ्याकडचे हे गृहस्थ फौजेच्या शस्त्रागारात नोकरी करून निवृत्त झाले आणि नव्वदच्या दशकात कुवेतला आले. आल्यावर बनेद अल-गारमध्ये एका इमारतीची राखण केली. मग शहराबाहेरच्या एका खाजगी नेमबाजीच्या रेंजवर हत्यारं सांभाळायची नोकरी लागली. समुद्र जवळ असल्यामुळे हवा खारट आणि दमट, पोलादाला दोन दिवसांत गंज धरायचा. हवालदार रोज सकाळी प्रत्येक रिव्हॉल्वर पुसून, तेल देऊन जागेवर ठेवत. महबूला भागात आमच्या शेजारच्या इमारतीत ते चार-पाच बॅचलर लोकांबरोबर राहायचे आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. पत्नी वारलेली होती. गावी मुलगा आणि सून होती, तरी सुट्टीवर गेले की महिना संपायच्या आत परत येत.

मी एकदा विचारलं, "हवालदार, आता पुरे झालं ना? गावी जाऊन आराम करा."

"गावी ग्येलो की मी नुसता म्हातारा, वहिनी," ते म्हणाले. "हितं निदान हवालदार तरी हाय."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की मी त्यांना आणखी आमटी वाढली.

प्लॅस्टिकशी त्यांचं उभं वैर होतं. डबा स्टीलचा, बादली पत्र्याची, कंगवासुद्धा पितळेचा. तो त्यांना कुठे मिळाला देव जाणे. माझ्या घरात मात्र कुवेतच्या रिवाजाप्रमाणे प्लॅस्टिकच्या डब्यांची चळत होती. जेवण उरलं की मी ते डब्यात भरून द्यायला जायची आणि हवालदार स्वतःचा स्टीलचा डबा पुढे करायचे. "वहिनी, त्यात भात घातला की भाताला बी आपण कुठं आलो आसं वाटतं," असं एकदा म्हणाले. मी दुखावले नाही असं नाही, पण हसू आवरलं नाही.

अशा माणसाच्या रेंजवर एक दिवस प्लॅस्टिकचं रिव्हॉल्वर येऊन दाखल झालं. रेंजच्या मालकांना सगळे मुदीर म्हणत, म्हणजे साहेब. साठीचे, जाड मिशांचे, तरुणपणी मुंबईत व्यापार केल्यामुळे बऱ्यापैकी हिंदी बोलणारे कुवेती गृहस्थ. बंदुकवाल्यांच्या जगात तेव्हा ही टूम नवीनच निघाली होती. नळी आणि गोळ्यांचं चक्र न गंजणाऱ्या पोलादाचं, पण खालचा सांगाडा आणि मूठ प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरची. मुदीरांनी स्वतःसाठी एक मागवलं होतं, वाळूच्या रंगाचं. ते आवडलं तर रेंजवरची छोटी पोलादी रिव्हॉल्वरं काढून टाकून सगळी तसलीच घ्यायची, असा त्यांचा विचार होता. नव्यांना गंज लागत नाही, रोज तेल द्यावं लागत नाही. आणि तेल द्यायचं नसेल, तर तेल देणारा माणूस कशाला पाहिजे? हे मुदीर बोलले नव्हते, पण हवालदारांना हिशेब कळत होता. त्या शुक्रवारी ते आमच्याकडे आले ते तोंड पाडूनच.

आमचे हे मीना अब्दुल्लाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनियर. यांना कुठल्याही वस्तूची बाजू घ्यायला आवडतं, विशेषतः समोरचा तिच्या विरुद्ध असेल तर. "अहो हवालदार, विमानात प्लॅस्टिक असतं आता. तुमचं रिव्हॉल्वर काय विमानापेक्षा मोठं लागून गेलं?" यांनी काडी टाकली.

"इमान उडताना कुणाच्या पंज्यात धरल्यालं नसतं, साहेब." हवालदारांनी माझा वरवंटा उचलून एका हातात घेतला, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचा रिकामा डबा. "गोळी सुटली की धक्का बसतो. त्यो कुणीतरी सोसाया पायजे. हत्यार जड आसलं, तर हत्यार सोसतं. हलकं आसलं, तर आपला हात सोसतो. जे हलकं आसतं, ते उलटं मारतं."

हे वाक्य पुढे त्यांनी पुष्कळ गोष्टींना लावलं. हलक्या सुटकेसला, हलक्या गादीला, आणि आमच्या ओळखीच्या एका वधूपित्याने आणलेल्या जावयालासुद्धा.

मुदीरांनी मात्र त्यांच्यावरच काम सोपवलं. दोन्ही चालवून बघ, दोन्ही जवळ वागवून बघ आणि मला सांग. म्हणजे ज्याची नोकरी जायची, त्यालाच न्यायाधीश नेमलं. आमच्या ह्यांनी सरळ सल्ला दिला, प्लॅस्टिक भंगार आहे म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. हवालदार आमच्या ह्यांच्याकडे असे बघत राहिले, की ह्यांनी पापड मागून विषय बदलला.

पुढच्या शुक्रवारी हवालदार डाव्या हाताने जेवत होते. उजवा पंजा सुजला होता. त्या हलक्या रिव्हॉल्वरने त्यांचं म्हणणं खरं करून दाखवलं होतं. पोलादी रिव्हॉल्वरमधून तेवढ्याच गोळ्या झाडून हाताला काही झालं नव्हतं. मला वाटलं, खूश असतील. पण चेहरा उतरलेला.

"चाप लोण्यावानी हाय, वहिनी," त्यांनी कबूल केलं. "आपल्या पोलादीचा चाप आसा न्हाई. खोटं कशाला बोलू?"

दुसरी गोष्ट त्यांनी फार आढेवेढे घेऊन सांगितली. वागवायची परीक्षा म्हणून त्यांनी एक दिवस पोलादी रिव्हॉल्वर गोळ्या काढून खिशात घातलं, तर दिवसभर विजार सावरत फिरावं लागलं. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचं घातलं, रिकामंच. आणि विसरले. तसेच कॅन्टीनमध्ये गेले, जेवले, मुकादमाशी क्रिकेटच्या गप्पा मारल्या आणि परत येताना कुलपाची किल्ली काढायला खिशात हात घातला तेव्हा रिव्हॉल्वर हाती लागलं. "सबंध नोकरीत आसं झालं न्हाई. पोटात भात, खिशात हत्यार, आन मला पत्ता न्हाई." यावर आमचे हे इतके हसले, की त्यांना ठसका लागला. हवालदारांनी स्वतः पाणी दिलं, तेही डाव्या हाताने.

त्याच सुमारास खंडेनवमी आली. दरवर्षी त्या दिवसासाठी हवालदार माझ्याकडून हळद-कुंकू नेत. मुदीर दुपारी घरी जेवायला गेले, की शस्त्रागारात दार लोटून प्रत्येक हत्याराला बोट लावायचं, हात जोडायचे आणि मुदीर यायच्या आत फडक्याने सगळं पुसून लख्ख करायचं. कितीतरी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. यंदा प्रश्न पडला तो प्लॅस्टिकच्या पाहुण्याचा. त्याची पूजा करायची की नाही, यावर ते दोन दिवस विचार करत होते. शेवटी म्हणाले, "हाताला लागलंय माझ्या. म्हंजी हत्यार हाय. एकट्यालाच वगळलं तर वाईट दिसंल."

खंडेनवमीला दुपारी माझा फोन वाजला. पलीकडून हवालदार कुजबुजत होते. "वहिनी, हळद कशानं निघती?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि मी कपाळाला हात लावला. पोलादावरची हळद एका फडक्यात गेली होती. वाळूच्या रंगाच्या मुठीवरची जात नव्हती. हे कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण ज्याने जन्मात प्लॅस्टिकचा डबा घासला नाही त्याला कुठून माहीत असणार? त्यात त्यांनी सवयीने तेलाचं फडकं फिरवलं होतं, त्यामुळे बोटाएवढा डाग सबंध मुठीवर पसरला होता.

"तेल लावू नका आता," मी म्हटलं. "उन्हात ठेवा. उन्हाने हळद उडते."

मी हे डब्याच्या हिशेबाने सांगितलं होतं. हवालदारांनी ते हुकूम मिळाल्यासारखं पाळलं. खिडकीत स्वच्छ फडकं अंथरून, मुदीरांचं नवंकोरं रिव्हॉल्वर त्यावर पापडासारखं वाळत घातलं आणि स्वतः शेजारी पहाऱ्याला उभे राहिले. मुदीर त्या दिवशी नेमके लवकर परतले.

"शिनू हाज़ा?" म्हणजे हे काय आहे, असं मुदीरांनी विचारलं.

हवालदारांनी टाचा जुळवल्या आणि फौजी हिंदीत सगळं सांगून टाकलं. पूजा, हळद, तेल, ऊन. दरवर्षी करतो, हेही सांगितलं. मुदीरांनी डागावर अंगठा घासून पाहिला. मग म्हणाले, "इतने साल मेरी रेंज पर एक हादसा नहीं हुआ. मैं समझता था मेरे डिसिप्लिन से है."

हवालदारांना हसावं की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी टाचा पुन्हा जुळवल्या.

"अब बोलो," मुदीर म्हणाले, "कौन सा अच्छा?"

त्या वेळी खोटं बोलणं सोपं होतं. डागी रिव्हॉल्वर समोर पडलं होतं, एक टोमणा मारला असता तरी पुरे होता. हवालदार म्हणाले, "जेब में रखने को ये अच्छा है, साहब. ट्रिगर भी इसी का अच्छा. दिन भर गोली चलानी हो तो लोहा." आणि मग आपल्याला आता गावी जावं लागणार असं मनाशी ठरवून त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

मुदीरांनी त्या उचलून परत त्यांच्या हातात दिल्या. माझ्या रेंजवर लोक खिशात ठेवायला येत नाहीत, चालवायला येतात, असं ते म्हणाले. पोलाद राहिलं, हवालदारही राहिले. शुक्रवारी आमच्याकडे हे सांगताना हवालदार आमटीची वाटी हातावर जोखत होते आणि आमच्या ह्यांनी प्रथमच कुठलीही बाजू घेतली नाही.

मुदीरांनी ठेवलं, पण गुडघ्यांनी ठेवलं नाही. पुढे हवालदार जिना चढेनासे झाले आणि एक दिवस पत्र्याची ट्रंक घेऊन गावी गेले. ज्या दिवसाला ते इतकी वर्षं भीत होते, तो असा नुसत्या गुडघ्यांमुळे आला. मला त्या दिवशी फार रडू आलं, आणि का ते मुलीला इंग्रजीत समजावून सांगता येईना.

महिन्याभराने मी फोन केला. सुनेने उचलला. "हवालदार आहेत का?" मी विचारलं.

"कोण हवालदार? राँग नंबर लागला," ती म्हणाली आणि मग थांबली. "आबा व्हय? थांबा हं."

हवालदार फोनवर आले. पाऊसपाणी, गुडघे, मुदीरांची तब्येत सगळं विचारून झालं. फोन ठेवायच्या आधी हळूच म्हणाले, "वहिनी, मघा सुनेला काय म्हणून इचारलंत?"

"हवालदार आहेत का, म्हणून."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि आधीच विचारून झालेली मुदीरांची तब्येत पुन्हा एकदा विचारली.

तेव्हापासून मी दर शुक्रवारी फोन करू लागले. बोलायला दर वेळी काही असायचंच असं नाही. पण फोन कुणीही उचलो, मी आबा म्हटलं नाही. हवालदार आहेत का, असंच ठणकावून विचारायचे. मुलाने उचलला, शेजाऱ्याने उचलला, तरी हेच. दोन-तीन महिने त्या घराने ते सहन केलं. मग एका शुक्रवारी फोन लागला, सुनेने माझा आवाज ओळखला, आणि मी काही बोलायच्या आत तिने अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "हवालदार, तुमचा फोन आलाय."