बाबांच्या पट्टीत

"अंतकाळी कानावर नाम पडायला हवं, आणि ही पोरगी ट्रकवाल्यांची गाणी वाजवत बसलीये. तीही मंडळाच्या पेटीवर."

हॉस्पिसच्या छोट्या किचनमध्ये सुमनकाकू चहा करता करता बोलत होत्या. मी दाराबाहेर बाबांची पाण्याची बाटली भरायला आले होते. दुसऱ्या काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं, इथेच वाढलीये ती. तिला काय कळतंय." मी आत गेले नाही. रिकामी बाटली घेऊन तशीच मागे फिरले. राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण त्यांना जी भीती वाटत होती तीच मलाही वाटत होती.

आमचं दत्ताचं भजनी मंडळ दर गुरुवारी ग्लासगोत कुणाच्या ना कुणाच्या घरी जमतं. पेटी मी तिथेच शिकले. खरं सांगायचं तर पेटीमागे बसलं की कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून शिकले. आरती होईपर्यंत कुणी शाळा, नोकरी, लग्न काही विचारत नाही. हळूहळू मात्र त्या बसण्यातच काहीतरी लाभू लागलं. डोळे मिटून सूर धरला की आपल्याला कुणीतरी पाहतंय आणि त्याची भीती वाटत नाही, असं व्हायचं. माझी श्रद्धा एवढीच, याहून मोठी नाही.

बाबा मंडळात कधी आले नाहीत. त्यांचं देऊळ वेगळं होतं. या शहरात जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांचं वेड असलेली माणसं खूप आहेत, आणि इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात बाबा त्यांच्यात जाऊन मिसळले. शनिवारी हॅट घालून क्लबला निघाले की आई म्हणायची, "निघाले आमचे शेरीफ." बाबा म्हणायचे, "अगं, यातलं एकेक गाणं म्हणजे भजनच आहे. फक्त देवाच्या जागी पळून गेलेली बायको असते."

आजार लिव्हरपर्यंत पोचला तेव्हा डॉक्टरांनी काही लपवलं नाही. हॉस्पिसमध्ये रात्री आई त्यांच्याजवळ थांबायची, दिवसा मी. आवाज जायच्या आधी बाबांनी मला जवळ बोलावलं. शेवटी टाळ नकोत, माझी गाणी वाजव, पण मोबाइलवर लावू नकोस, तू स्वतः वाजव, असं म्हणाले. मी हो म्हणून बसले. मला पेटीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि पेटी होती मंडळाची.

ही गाणी गिटारची. त्यांना हाताखाली बदलते सूर लागतात, ठेका लागतो. पेटीवर माझा डावा हात भात्यावर अडकलेला, म्हणजे उरली फक्त उजव्या हातातली चाल. आवाज वॉर्डभर जाऊ नये म्हणून मी पेटीवर टॉवेल टाकायचे, सा दाबून धरायचे आणि त्यावर चाल हळूहळू मांडायचे. आगगाडीच्या गाण्यातला वेग निघून जायचा आणि घरापासून लांब असणं तेवढं शिल्लक राहायचं. मला ते आवडायला लागलं होतं. पण बाबांना आराम पडत नव्हता. त्यांची बोटं सारखी चादर ओढत राहायची, कपाळावरची आठी जायची नाही. सकाळी काकू येऊन नाम घ्यायच्या तेव्हाही तेच. मला वाटू लागलं, आपण त्यांचा शेवट बिघडवतोय. जे कानावर पडायला हवं ते पडू देत नाही आणि जे देतोय तेही पोचत नाही. मनातल्या मनात दत्ताला रोज एकच सांगायचे, आज नको. फक्त आजचा दिवस नको.

त्या दुपारी किचनच्या दारातून परतले ती हे ठरवूनच, की एक शेवटचं गाणं वाजवायचं, पेटी बंद करायची आणि मग फक्त नाम. वाजवायला लागले. समोरच्या पलंगाशी जांभळ्या कार्डिगनमधली एक म्हातारी बाई तिच्या भावाजवळ बसलेली असायची. इतक्या दिवसांत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. ती तिथूनच तिच्या ग्लासगोच्या इंग्रजीत, ज्यात पोरीला 'हेन' म्हणतात, म्हणाली, "फार वर वाजवतेस, हेन. पुरुषाचं गाणं आहे ते. त्यांना गायला जागा दे जरा."

मी थांबले. मंडळात सगळ्या बायका, आम्ही काळी चारच्या उंच पट्टीत गातो, माझी बोटं आपोआप तिथेच जाऊन बसतात. इतके दिवस मी बाबांची गाणी काकूंच्या पट्टीत वाजवत होते. जिथे त्यांचा आवाज धड असतानाही पोचला नसता, तिथे. मी काळी एकवर उतरले. ती बाई आमच्याकडे न बघता, भावाचा हात हातात धरून, घोगऱ्या आवाजात गाऊ लागली. दुसऱ्या कडव्याला बाबांच्या बोटांनी चादर सोडली. ओठ हलले. आवाज नव्हता, पण ओळ जिथे संपायची तिथेच त्यांचा श्वास सुटत होता. दारात काकू कप घेऊन उभ्या होत्या. सुमनकाकूंनी बूट काढून बाहेर ठेवले आणि मग आत आल्या.

याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या पलंगावर नवी चादर होती, आणि त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. दत्त कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही, असं मंडळात नेहमी म्हणतात. जांभळ्या कार्डिगनमध्ये येईल असं कुणी म्हटलं नव्हतं. बाबाही फार थांबले नाहीत. ते गेले तेव्हा कपाळावर आठी नव्हती, आणि त्याबद्दल मी रोज दिवा लावताना हात जोडते. शरण जाणं म्हणजे मोठं काही असेल असं वाटायचं. त्या दुपारी एवढंच कळलं, की माझं मागणंही माझ्याच सोयीचं होतं. मला ते हवे होते, म्हणून रोज त्यांना अडवत होते.

त्या दुपारी गाणं संपल्यावर मी भाता मिटला. आमच्याकडे निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही. मी त्यांच्या कानाशी वाकले. सगळे बघत होते, तरी मोठ्यानेच म्हणाले,

"बाबा, तुम्ही जा. आईजवळ मी आहे."