डोहातले तीन हिसके

अजीजभाई थकलेले नाहीत असा दिवस मी पाहिलेला नाही. आमच्या कारखान्यात लेथवर त्यांचं हे तिसावं वर्ष. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा ठेवून झोपणारा माणूस एकच, तो म्हणजे हा. तरी गुरुवार उजाडला, म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी आली, की हाच गृहस्थ पहाटे काळेवाडीतून मोटारसायकल काढतो, चाकण ओलांडतो आणि भामा नदीच्या उगमाकडे डोंगरात जातो. मासे धरायला. धरतो आणि सोडून देतो. फरीदाभाभी म्हणतात, "एखादा तरी घरी आणा, म्हणजे नदीवरच जाता हे पटेल मला."

हे खूळ लावलं बबनरावांनी. ते आमच्याकडे माल तपासायचे. कधीकाळी मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना त्यांना लवचीक काठी देऊन गेला आणि ती चालवायलाही शिकवून गेला. गळाला किडा नाही, पिठाची गोळी नाही. कोंबड्याची पिसं दोऱ्याने गळावरच बांधून खोटी माशी करायची आणि लांब दोर हवेत पुढेमागे खेळवत ती पाण्यावर अलगद टेकवायची. खडशी मासा तिला फसतो. बबनरावांनी हे अजीजभाईंना शिकवलं, शिव्या घालून.

निवृत्तीनंतर साखरेच्या आजाराने बबनरावांचे डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळतो. बायको आधीच गेली होती. आता येत्या रविवारी लेक वर्षाली त्यांना कायमचं अमरावतीला नेणार होती. हातात एकच गुरुवार उरला होता.

"अजीज, एकडाव मासा लागू दे हाताला," ते म्हणाले. "डोळं गेलं ते गेलं. हात हाय का त्योबी गेला, एवढं कळू दे."

बुधवारी अजीजभाईंवर लागोपाठ दुसरी शिफ्ट पडली. घरच्या जुन्या माश्या कसरीने खाल्ल्या होत्या, म्हणून चहाच्या सुट्टीत त्यांनी एकच नवी बांधली. मासा सोडताना त्याचा जबडा फाटू नये म्हणून गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा ते नेहमी कानशीने घासून टाकतात. तेही उरकलं. डोळे मिटत होते, हात चालत होते.

गुरुवारी भामेवरच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, त्यांनी बबनरावांना हात धरून डोहापर्यंत उतरवलं. कुठे टाकायचं ते सांगितलं. बबनरावांनी दोर खेळवला आणि माशी बरोबर जागी टेकली. लगेच हिसका बसला. काठी वाकली, आणि दोर सैल पडला. थोड्या वेळाने दुसरा हिसका, तोही सुटला. तिसरा तर जोरात बसला, पण मासा क्षणात गेला.

बबनराव खडकावर बसले. "मासा येतोय. मलाच धरता येत न्हाई. गेला बघ हात माझा."

अजीजभाईंनी दोर ओढून गळ पाहिला. अंगठा फिरवला. कुठेच टोचेना. लेथवरून उतरलेल्या नगाची कड बोचरी असते; ती कानशीने मारायची, अंगठा सहज फिरेपर्यंत. तीस वर्षं हाताला तेच वळण. झोपेच्या गुंगीत त्यांनी उलट्या काट्याबरोबर गळाचं टोकही घासून गोल केलं होतं.

खरं सांगतो, मी असतो तर गप्प बसलो असतो. न दिसणाऱ्या माणसाला काय कळणार होतं? पण अजीजभाईंनी तो गळ बबनरावांच्या हातात दिला.

"चूक माझी आहे, बबनराव. टोक मीच घासलं."

बबनरावांनी नग तपासावा तसा गळ चाचपला. "एवढी सफाई नोकरीत दाखवली असतीस तर," असं म्हणून हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. अजीजभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगडावर घासून पुन्हा टोक काढतो म्हणाले.

"नगं. तीनदा फसलाय, आता न्हाई यायचा. म्हंजी माझं टाकणं बरुबर व्हतं ना? बास मग."

परतताना ते अजीजभाईंच्या पाठीवर डोकं टेकून बसले होते. पडतील या भीतीने अजीजभाईंनी सगळा रस्ता गाडी हळू चालवली.

रविवार हा आमचा कामाचा वार. बबनरावांना निरोप द्यायला अजीजभाईंनी अर्धा दिवस सुट्टी मागितली, मिळाली नाही. आत मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये. शिफ्ट सुटल्यावर अजीजभाईंनी पाहिलं, दुपारी बबनरावांचा फोन येऊन गेला होता. परत लावला तर वर्षालीने उचलला. म्हणाली, "गाडीत बसेपर्यंत तुमचीच वाट बघत होते, काका. आता झोपलेत."

अजीजभाई लॉकरसमोरच्या बाकावर बसले. बस लागली होती, मी हाक मारली. ते उठले नाहीत.

"मासाही मीच घालवला," ते म्हणाले, "आणि निरोपही."