तापलेल्या इंजिनात गार पाणी

लढाईच्या काळात मी खोपोलीत शिळफाट्याला मोटारदुरुस्तीचं काम करत होतो. एका दुपारी घाट चढायला निघालेली एक मोटार वाफा सोडत परत आली. मालकाला मी लगेच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी बायकोला बाळंतपणाच्या कळा सुटल्या, तेव्हा कशेळ्याच्या रस्त्यावर मी याच मोटारीपुढे हात जोडले होते. "गादी खराब होईल," म्हणत तो निघून गेला. कर्जतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आमचं मूल गेलं.

"पाणी ओत लवकर," तो म्हणाला.

तापलेलं इंजिन आधी निवू द्यायचं आणि मगच पाणी घालायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी विहिरीचं गार पाणी शेंदून आणलं, फडक्याने टोपण उघडलं आणि सगळं ओतलं. आतून कडकन आवाज आला. इंजिनाला तडा गेला. त्या दिवसांत तसं इंजिन दुसरं मिळणं शक्यच नव्हतं. मला फार बरं वाटलं.

घरी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "तुमी कोन ते त्याला कळलं का?"

"नाय."

"मग त्याला कशाची शिक्षा झाली?"

दुसऱ्या दिवशी तो मोटार ओढून न्यायला बैल घेऊन आला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि कळा, मूल, मुद्दाम ओतलेलं पाणी, सगळं सांगितलं.

"कधीची गोष्ट? मला नाही आठवत," तो म्हणाला.

त्याला खरंच आठवत नव्हतं. माझा राग त्या दिवशी दुप्पट झाला.