गाढव बाळगणारा भिकारी

पाणीवाल्याला मी पंधरा दिवस भिकारी समजत होते. नुसती समजत नव्हते, तर रोज सकाळी त्याला तांदळाची गरम भाकरी आणि वर तळलेल्या माशाचा तुकडा देत होते. त्याने उलट मला पाणी देऊ केलं की हात हलवून "नको रे बाबा" म्हणत होते. आणि घरात माझ्या ड्रमाचा तळ दिसायला लागला होता.

परवा दुबईतच करामा भागात राहणाऱ्या नातीला हे सांगितलं. ती नळ सोडून दात घासत होती. तोंडात फेस असतानाच म्हणाली, "नानी, वेअर यू रिअली दॅट स्टुपिड?" मी म्हटलं, होते बाय, त्याहून जास्त होते, नळ बंद कर आणि ऐक.

एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आजचा हा देश तेव्हा झाला नव्हता. दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवरचं एक गाव, आणि मी रत्नागिरीच्या खाडीकाठची, लग्नाला वर्ष झालेली, एकोणीस वर्षांची पोर. मुंबईहून बोटीने दोन ट्रंका घेऊन उतरले. एका ट्रंकेत कपडे, सोलं, सुके बोंबील, तांदळाचं पीठ. दुसरीत अर्धी ट्रंक मीठ. समुद्रकाठच्या गावी मी मीठ घेऊन गेले होते. नवऱ्याने ट्रंक उघडली, बघितलं, आणि झाकण लावलं. माझ्या अकलेचा पहिला अंदाज त्याला तिथेच आला असावा.

पण मला त्याचं काय. मी नुसती उडत होते. सगळं नवं होतं. खाडी ओलांडायला होडी. आमच्या गावची होडी, तिला आम्ही 'तर' म्हणायचो, दिवसातून चार वेळा सुटायची, इथे एक गेली की दुसरी हजर. बाजारात भलीमोठी बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून विकायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात धरला तो तिथे, आणि हात बधिर झाला तेव्हा कोणीतरी करणी केली म्हणून ओरडले. डब्यातलं अननस, डब्यातलं दूध. आमच्या गल्लीत अजून कंदीलच होते, पण पलीकडच्या गल्लीत विजेची तार आली होती आणि मी रोज गच्चीवर चढून तो एक दिवा लागलाय का ते बघून यायची, जसा काही तो मीच लावणार होते. आणि दवाखाना. गावाकडे माझी मोठी बहीण बाळंतपणात अडली तेव्हा डॉक्टर दोन खाड्यांपलीकडे होता आणि 'तर' बंद होती. इथे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर डॉक्टर बसत होता. मी काही आजारी नव्हते, तरी दुसऱ्याच दिवशी जाऊन दार बघून आले.

गावात पाणी मोप होतं. परसात विहीर, उन्हाळ्यातही हाताला लागेल एवढं पाणी. बाकी काही नव्हतं. इथे बाकी सगळं येऊ घातलं होतं, फक्त पाणी नव्हतं. आमच्या अंगणातही विहीर होती, पण तिचं पाणी इतकं खारट की भांडी घासायलाच बरं. पिण्याचं पाणी गाढवावर लादून दारात यायचं.

मला इथे राहायचंच होतं, आणि ते ठरलेलं नव्हतं. सासूबाईंनी निघताना मुलाला माझ्यासमोरच सांगितलं होतं, "पोर भोळी आहे. परमुलखात तिचं निभेल असं वाटत नाही. पावसाआधीची बोट आहे ना, नाही जमलं तर तिच्यात बसवून दे." नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि परत जाणं म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. माझा बाप जहाजावर होता. दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा, तेव्हा आम्ही पोरं आईच्या मागे लपायचो. आमचं गावच तसं, बायका, म्हातारे आणि मनिऑर्डरीची वाट. मी मनाशी ठरवलं होतं, मला पाहुणा नवरा नको.

आल्यावर आठवड्याभरातच नवऱ्याला उम्म अल कुवैन नावाच्या लांबच्या गावी जावं लागलं. तिथे एका कंत्राटदाराकडे तो सामानाची नोंद ठेवायचा. रस्ता नव्हता, ओहोटी बघून ओल्या वाळूवरून जीप जायची, त्यामुळे पंधरा दिवसांनी एकदा घरी येणं. निघताना म्हणाला, "ड्रम मी भरून ठेवलाय. उद्यापासून पाणीवाला रोज सकाळी येईल, हाक देईल. पैशाचं त्याचं-माझं ठरलंय. तू फक्त त्याला आत ये म्हण. बाईने बोलावल्याशिवाय तो उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही."

"एवढंच ना?" मी म्हटलं.

"एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून मी कान देऊन बसले. 'पाणी' अशी हाक येईल, नाहीतर 'पानी'. ती काही आली नाही. आला तो एक दाढीवाला माणूस, गाढव घेऊन, आणि आमच्या दारासमोर उभा राहून त्याने लांब सूर काढला, "मा...य."

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे दारात कोणी 'माय' म्हणून हाक मारली तर तो काय मागतो? माझ्या आईने आम्हाला शिकवलं होतं, दारातला माय म्हणणारा रिकाम्या हाती पाठवायचा नाही. मी दार अर्धं उघडून, दाराआडून हात बाहेर काढून त्याला भाकरी दिली. त्याने खाली मान घालून घेतली, कपाळाला हात लावून सलाम केला. मी खूश. मनात म्हटलं, काय सुबत्ता आहे या मुलखात, भिकाऱ्यालासुद्धा गाढव आहे.

गाढवाच्या दोन्ही बाजूंना रॉकेलचे असतात तसले पत्र्याचे डबे होते. तो डब्याकडे बोट दाखवी. मला वाटे, गोळा केलेलं आहे, त्यातलं मला देऊ करतोय. गरीब माणसाचं मी कसं घेऊ? मी हात हलवी, तो क्षणभर थांबे, आणि पुढच्या दारी जाऊन तोच सूर काढी. पुढच्या दारी आमच्याच रत्नागिरीकडच्या एक वयस्कर बाई होत्या, सगळे त्यांना खाला म्हणत. त्या त्याला आत घेत. मला वाटे, खालांचा हात सढळ आहे, आत बसवून जेवायला घालतात.

दहाव्या दिवशी तो आला तेव्हा डबे वाळूने घासून चांदीसारखे केलेले होते. मी म्हटलं, बरं चाललंय याचं.

माझं मात्र बरं चालेना. ड्रमात तांब्या आता तळाला खणखणत होता. खालांना विचारायचं तर त्या सासूबाईंना पत्र लिहीत, माझी फजिती थेट गावी पोहोचली असती. मग त्यांच्याकडेच 'चहापुरतं द्या हो, आज जरा जास्त पाहुणे आले' म्हणून कळशी घेऊन जायची. मला या गावात ओळखत कोण होतं पाहुणे यायला. शेवटचे दोन दिवस मी भातसुद्धा खारट पाण्यात शिजवला. त्या दोन दिवसांत तरी ट्रंकेतल्या मिठाची गरज पडली नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी नवरा आला. वाळूने पांढरा झालेला. ड्रमाचं झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"पाणी कुठे आहे?"

"तुमचा पाणीवाला एकदासुद्धा आला नाही," मी जोरात म्हटलं. "दारात येतो तो एक भिकारी. त्याला मी उपाशी पाठवला नाही हो."

आवाज ऐकून खाला आल्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं, भिकारी, गाढव, चकचकीत डबे. खालांनी पदर तोंडाला लावला आणि ओट्यावरच बसल्या. हसताना त्यांना बोलता येईना.

"अगो बाय," त्या शेवटी म्हणाल्या, "अरबीत पाण्याला माय म्हणतात. तो पाणी विकतोय. आणि मला मागच्या आठवड्यात विचारत होता, त्या घरची बीबी पाणी का घेत नाही, माझे डबे खराब आहेत का? म्हणून घासले त्याने."

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. नवरा हसला नाही. तो हळू म्हणाला, "आई म्हणत होती ते खरं. जिला पाणी मागता येत नाही ती इथे कशी राहणार? उद्या बोटीच्या कचेरीत जाऊन येतो."

मी रडले नाही. खरं सांगते, मला एवढा राग आला होता स्वतःचा की रडायला जागाच उरली नाही. जेवण झाल्याबरोबर खालांच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, शिकवा. पाठ करून घ्या. माय म्हणजे पाणी. तआल म्हणजे ये. वाहद, थनेन, थलाथा, एक, दोन, तीन. खलास म्हणजे पुरे. खाला भाजी निवडत विचारायच्या, मी चुकले की देठ फेकून मारायच्या. "थनेन ग, थानेन नाही, पोलीस ठाणं आहे का ते?" संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजापर्यंत माझ्या अंगावर मेथीचे देठच देठ झाले होते आणि मी दहापर्यंत मोजत होते.

दुसऱ्या दिवशी नवरा बूट चढवत होता तेवढ्यात हाक आली. "मा...य." मी डोक्यावरून पदर घेतला, दार सताड उघडलं आणि सगळी गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "तआल. माय, तआल."

त्या माणसाने आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून बघितलं, मी दुसऱ्याच कोणाला बोलावतेय का म्हणून. मग डबा खांद्यावर घेऊन आत आला. मी ड्रमाशी उभी. वाहद. थनेन. थलाथा. चौथा डबा जरा उणा होता. मी बोट लावून दाखवलं आणि मान हलवली. त्याने मुकाट्याने बाहेर जाऊन भरून आणला. ड्रम काठोकाठ झाला तेव्हा मी म्हटलं, "खलास," आणि इतका जोर लावला की गाढवाने कान टवकारले.

नवरा एका पायात बूट घालून बसला होता. दुसरा हातात. थोड्या वेळाने त्याने पायातलाही काढला आणि दोन्ही खाटेखाली सरकवले. मला म्हणाला, "त्याची भाकरी राहिली."

मी भाकरी आणायला आत गेले तेव्हा नवरा त्या माणसाला हिंदीत सगळं सांगत होता, माय म्हणजे आमच्याकडे काय, ही काय समजली, आणि आज तिला देशी पाठवायला निघालो होतो ते. तो बलुची होता, मोडकी हिंदी बोलायचा. भाकरी घेताना त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि दाढीतल्या दाढीत हसू दाबत मला म्हणाला, "बीबी, तुम मत जाना. रोटी देनेवाला बहुत मिलता है, पानी को ना बोलनेवाला गिराहक पूरे दुबई में हमको एकही मिला."