तिसगावला, आमच्या आडनावाच्या शोधात

आमचं आडनाव मुके. मी पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवते; 'मुकेबाई' म्हटलं की मागच्या बाकावर हसू फुटतंच. मला त्याची सवय झाली होती. धाकट्या भावाला मात्र चिडवणं फार लागायचं. नोकरीला लागण्याआधी आडनाव बदलायचं असं त्याने ठरवलं आणि बाबाही कबूल झाले. बाबांचे आजोबा राघू कुणी काहीही बोललं तरी तोंड उघडायचे नाहीत, म्हणून हे नाव चिकटलं, असं बाबांनी लहानपणी ऐकलं होतं. मी म्हटलं, नाव टाकण्याआधी गाव तरी बघू. नाताळ उरकला आणि आम्ही बापलेक निघालो.

महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नाही, तेव्हा नगरची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. या प्रवासाला पांढरे कपडे घालू नका. सुपा येईपर्यंत बाबांचा सदरा करडा झाला होता. रात्री नगरला ओळखीच्या मास्तरांकडे राहिलो आणि सकाळी पाथर्डीची मोटार धरली. करंजीचा घाट उतरताना ड्रायव्हरने ब्रेकवरचं ओझं कमी करायला आम्हाला उतरवलं. पायी गेलात तर उत्तम. खाली ज्वारीची शेतं लांबवर दिसतात.

तिसगावात मुके नावाचं कुणीच नव्हतं. बाबा परत फिरायच्या बेतात होते. शेवटी एका म्हाताऱ्या अत्तारांना राघूचं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, "मुकीच्या घरातला राघू व्हय?" आणि त्यांनी वेशीजवळचं घर दाखवलं.

तिथे तुळसाकाकू होत्या, बाबांच्या चुलत्याची बायको, ऐंशीच्या पुढच्या. माझे आजोबा नगरला शिकायला गेले, तिथे ख्रिस्ती झाले आणि येणंजाणं तुटलं, म्हणून बाबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरात घेतील का, या विचाराने बाबा अंगणातच उभे राहिले. काकूंनी त्यांचं तोंड निरखलं आणि सुनेला शेंगोळ्यांचं पीठ मळायला सांगितलं.

जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. मुका राघू नव्हता, मुकी त्याची बायको होती, म्हणजे काकूंची सासू. राघू तर इतका बोलायचा की लोक वाट बदलायचे. घरात मात्र सगळे हातांनी बोलत. नवराबायकोचं भांडण झालं की राघू डोळे मिटून घ्यायचा, म्हणजे तिचं म्हणणं कळायला नको. मग ती त्याच्या पापण्या बोटांनी उघडायची. काकूंनी हे करून दाखवलं तेव्हा बाबांना हसताना ठसका लागला.

"आन् आडनाव?" बाबांनी विचारलं. ते काकूंसारखंच बोलू लागले होते.

"तुझ्या बापाला साळंत घातला तवा मास्तरनं आडनाव इचारलं. मामंजी म्हनले, पोराच्या नावाम्होरं माझं नाव हायच. शेवटाला त्याच्या आईचं असू द्या. मुके लिवा."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी आपल्या आजीचं नाव विचारलं. भागू.

घरी आल्यावर भावाला सगळं बाबांनीच सांगितलं. आडनाव बदलायचा अर्ज काही त्याने पाठवला नाही. मोटारीच्या धक्क्यांनी माझी कंबर आठवडाभर दुखत होती आणि शेंगोळ्यांची चव काही केल्या मला जमत नाही.

आमच्या बायबलच्या पहिल्या पानावर घरातल्यांची नावं आहेत. यादी आजोबांपासून सुरू होते. त्या रविवारी बाबांनी आजोबांच्या नावाच्या वरच्या अरुंद जागेत बारीक अक्षरात लिहिलं: राघू आणि भागू. जन्मतारखा ठाऊक नव्हत्या. तेवढी जागा त्यांनी कोरी ठेवली.