लेकीनं घालवलेली लाईट

माझी मुलगी वीज मोजते, असं मी पूर्वी सांगायचे. लोकांना वाटायचं ती मीटर वाचत घरोघर फिरते. मग एकदा तिनंच मला समोर बसवून समजावलं. मी चौथी शिकलेली, पण शनिवार पेठेत पिठाच्या गिरणीवर बरीच वर्षं काम केलंय. म्हणून तिनं गिरणीपासूनच सुरुवात केली.

"आई, दाणे एकदम जास्त पडले की गिरणीची मोटर काय करते?"

"घरघरते. पट्टा सरकायला लागतो."

"तेव्हा आणखी दाणे टाकले तर?"

"कोण टाकेल? बंदच पडेल की ती."

"शहराला वीज आणणाऱ्या तारांचं तसंच आहे. सगळीकडे एसी, पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. थोडं उतरलं तर सावरता येतं. पण एक टोक असतं. त्याच्या पुढे गेलं की एक गल्ली नाही, शहरच्या शहर अंधारात जातं. ते टोक किती लांब आहे, हे मी आधी काढून सांगते."

कॉम्प्युटरवर तिनं एक रेघ दाखवली. पुढे जाता जाता खाली उतरलेली आणि टोकाशी पोचून मागे वळलेली. इंजिनीअर लोक त्याला नाकच म्हणतात म्हणे. मी म्हणाले, हे तर तुझ्या आत्याचं नाक. पोट धरून हसली.

यंदाच्या उन्हाळ्यात शहराकडे येणारी एक मोठी लाईन दुरुस्तीला बंद होती. उरलेल्या लाईनींवर सगळा भार. हिनं हिशेब केला आणि साहेबांना सांगितलं की संध्याकाळी काही भाग आळीपाळीनं बंद ठेवावे लागतील. साहेब म्हणाले, उगाच कशाला घाबरवताय? ती घरी येऊन जेवता जेवता म्हणाली, "माझं गणित बरोबर असलं तर काहीच घडत नाही गं आई. मग ते बरोबर होतं हे दाखवायचं कसं?" पण ती मागे हटली नाही. साहेबांना शेवटी पटलं.

आमच्या भागाची पाळी नेमकी बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी आली. सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज आला आणि दुपारी विहाराच्या कमिटीतले दादा शेजारणीला घेऊन आमच्या दारात.

"जय भीम, ताई. पोरीला एक फोन लावा. आजच्या दिवस आपला भाग सोड म्हणावं. माईक सांगितलाय, बाहेरून माणसं येणारेत."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी चारचौघांत मान हलवण्यापलीकडे काही केलेलं नाही. मी आत जाऊन फोन लावला.

ती म्हणाली, "आपला भाग काढला तर त्याच्या जागी कुणाचा घालू, आई? तू सांग."

मी दाराच्या फटीतून बाहेर दादांकडे बघितलं.

"तुला बोलायला जड जात असेल तर दादांना फोन दे. मी सांगते त्यांना."

"नको," मी म्हणाले. "मी सांगते."

बाहेर आले. पदर सारखा केला. "ती नाही म्हणते, दादा. आणि मलाही तिचं पटलंय."

शेजारीण दादांकडे बघून म्हणाली, "घ्या! लेक विजेच्या हापिसात आणि आपण मेणबत्त्या आणा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"पोरीला शिकवा म्हणून आपणच सांगितलं होतं की यांना," दादा उठत म्हणाले. "आता ऐकायलाही आपणच." हसून म्हणाले की रागानं, ते कळलं नाही. चहाला मात्र थांबले नाहीत.

संध्याकाळी विहारात खीर ढवळायला गेले तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या. दिवस मावळला आणि लाईट गेली. पंखे थांबले, माईक मधेच बंद पडला. मागून कुणीतरी बोललंच, "आली बघा ताईंच्या लेकीची कृपा!" मेणबत्त्या लागल्या. वंदना माईकशिवाय झाली.

मी पायरीवर येऊन उभी राहिले. आमचा विहार कात्रजच्या चढावर, तिथून खाली लांबपर्यंत शहर दिसतं. सगळीकडे दिवे होते. तिचा हिशेब कुठे चुकला असेल तर आता एकदम सगळं काळं होईल, असं वाटत होतं. मी त्या दिव्यांवरून नजर काढली नाही. दिव्यांचा एकही पट्टा विझला नाही. बराच वेळ गेला, तरी नाही. मग आमची लाईट परत आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारीण शेजारी येऊन उभी राहिली. "मघापासून काय बघताय हो एवढं?"

"खालचे दिवे."

"त्यात काय बघायचंय? रोजच्यासारखेच तर आहेत."

"हो ना," मी म्हणाले. "अगदी रोजच्यासारखेच आहेत."

तिला काही कळलं नाही. ऊर इतका भरून आला होता की मी आत गेले आणि वाढायला घेतलेल्या बाईच्या हातातला डाव काढून घेऊन सगळ्या पंगतीला स्वतः खीर वाढली.